उजवीकडे सरकलेला कोड

माझ्या ताईचं कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान आहे. चार टब, तीन वाळवायची यंत्रं आणि सगळ्यांवर हुकूम सोडणारा एक कॉम्प्युटर. त्यातला प्रोग्रॅम भावोजींनी सहा वर्षांपूर्वी स्वतः लिहिला, आणि तेव्हापासून ती दोघं एका दिवसासाठीही कुठे गेलेली नाहीत. आठवड्यातून एकदा तो प्रोग्रॅम अडकायचा, टबातलं कुत्रं साबण लावून तसंच उभं राहायचं आणि ताईचा फोन गेला की भावोजी ऑफिस टाकून धावत यायचे. दुसऱ्या कोणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

यंदा ताईने चार दिवस समुद्रावर जायचं मनावर घेतलं. खोली ठरवली, तिकिटं काढली. भावोजी म्हणाले, दुकानाचं काय? मी कोडच लिहून पोट भरते, शिवाय तोंडाळ. म्हटलं, मी नीट करून देते. शनिवारी, ऐन गर्दीच्या दिवशी, तुम्ही हात न लावता दुकान चाललं तर रविवारी निघा. भावोजी "बघू" म्हणाले. त्यांचं "बघू" म्हणजे "नाही", हे सगळ्या घराला पाठ आहे.

कोड उघडला आणि मी कपाळाला हात लावला. सगळा कॉलबॅकचा मामला. पाणी सोड, सोडून झालं की हे कर. त्या 'हे'च्या पोटात साबण लाव, लावून झालं की ते कर. त्या 'ते'च्या पोटात आणखी काहीतरी. दर पायरीला ओळ थोडी उजवीकडे सरकलेली. 'मालकाला मेसेज पाठव' ही शेवटची ओळ पार स्क्रीनबाहेर गेली होती. त्यावर भावोजींनी जास्त रुंद स्क्रीन विकत आणली होती. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तशातली गत.

दोन आठवडे बसून मी तो गुंता सोडवला. एकेका यंत्राचं काम प्रॉमिसमध्ये गुंडाळलं. प्रॉमिस म्हणजे ड्रायक्लीनरचं टोकन: काम सुरू झालं की टोकन हातात, संपलं की टोकन वटलं, आणि काही बिघडलं तर तेही त्याच टोकनावर कळणार. अवेट म्हणजे, टोकन वटेपर्यंत इथेच थांब. सगळं एका असिंक फंक्शनमध्ये, म्हणजे असं थांबत थांबत चालणाऱ्या एकाच तुकड्यात, किराण्याच्या यादीसारखं वरून खाली. भावोजी मागे उभं राहून बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं की आता त्या रुंद स्क्रीनचं काय करायचं.

शनिवारी पहिला अर्धा तास मी हवेत होते. मग पहिल्या मालकाला मेसेज गेला की आपलं कुत्रं कोरडं, सुगंधी आणि न्यायला तयार आहे. मालक आले तेव्हा कुत्रं ठिबकत होतं. कॉम्प्युटर वाळवायचं यंत्र सुरू करत होता आणि ते संपायची वाट न बघता पुढची ओळ गाठत होता: मालकाला कळव, जागा रिकामी समज, पुढचं कुत्रं आण. बघता बघता बाहेरच्या खोलीत नऊ मालक जमले आणि आत नऊ ओली कुत्री. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं गालिच्याएवढं केसाळ कुत्रं त्यांना बघून प्रेमाने बाहेर धावलं आणि मधोमध उभं राहून त्याने अंग झाडलं. नऊ जणांची फुकटात आंघोळ झाली. बाईंनी सगळ्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं आणि टॉवेल वाटायला घेतले.

माझं तोंड एवढंसं झालं. भावोजी हाताची घडी घालून कोपऱ्यात उभे होते. हात न लावण्याची अट ते अगदी मन लावून पाळत होते. मी कोड वरखाली चाळत होते, पण स्वतःची चूक स्वतःला दिसते कुठे! शेवटी ताईने मला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसली. तिने उभ्या जन्मात कोडची एक ओळ लिहिलेली नाही. ओठ हलवत तिने वरपासून सगळं वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"पाण्याला तुझं ते अवेट आहे, साबणाला आहे, धुण्याला आहे. वाळवण्याला का नाही?"

मी गुपचूप तो एक शब्द टाकला. दुपारी तीन नंबरचं यंत्र बंद पडलं, तर स्क्रीनवर सरळ शब्दांत आलं की जाळीत केस अडकलेत. ताईने जाळी साफ केली आणि कामाला लागली. दुकान बंद होईपर्यंत तिने भावोजींना एकदाही हाक मारली नाही.

बाहेर पडताना मी त्यांना चिडवायला गेले. म्हटलं, जाळी भरली की यंत्र बिचारं ओरडून सांगायचं आणि तुमच्या कोडात ते ऐकायला कोणीच नव्हतं. एवढी साधी गोष्ट सहा वर्षांत सापडली नाही?

"पहिल्याच वर्षी सापडली होती," भावोजी म्हणाले.

ताई कुलूप लावता लावता थांबली.

"दुरुस्त केली असती," ते तिला म्हणाले, "तर तू मला भर दुपारी फोन कशाला केला असतास?"

माझे दोन आठवडे गेले म्हणून मला राग आला, पण खोटं कशाला बोलू, तो फार टिकला नाही. ताईने कुलूप लावून किल्ली काढली.

"मग चार दिवस शेजारी बसून बोला," ती म्हणाली. "आणि बॅग आजच भरा, उद्या सकाळची गाडी आहे."

भावोजींनी तिच्या हातातून दुकानाची किल्ली घेतली, माझ्या हातात ठेवली आणि सांभाळशील ना म्हणून विचारलं. मी लगेच हो म्हटलं. सोमवारी माझं ऑफिस आहे, हे मला ती दोघं कोपऱ्यावरून वळल्यावर आठवलं.