माळावरचा चर

मेघालीने लॅपटॉप उचलून थेट ताटाशेजारी ठेवला, तेव्हा गुणाजींच्या हातातली भाकरी आमटीपर्यंत पोहोचायची राहून गेली.

"बाबा, ही रेघ कसली सांगा ना. संध्याकाळच्या आत कळवायचंय."

अडला हरी, असं मनात म्हणून गुणाजी सुखावले. एरवी वर्तकनगरच्या या दोन खोल्यांत बापलेकीची झाडांवरून रोज खडाजंगी. गुणाजी वनपाल म्हणून निवृत्त झालेले. सोलापूरकडच्या उजाड माळावर तीस हजार झाडं जगवली, हे ऐकवल्याशिवाय ते पाहुण्याला चहा प्यायला देत नसत. आणि मुलगी काय करते, तर घरबसल्या उपग्रहाच्या फोटोंवर आफ्रिकेतली झाडं तोडायला खुणा करते! माळावर झाडं माजली की गवत मरतं, गवत मेलं की त्यावर जगणारं हिरोला नावाचं हरीण मरतं, असं तिचं म्हणणं. जगात जेमतेम पाचशे उरलेत म्हणे. गुणाजींना हे शिकलेल्यांचं खूळ वाटे.

त्यांनी चष्मा लावला. पिवळा माळ, मधून झाडांचा लांबच लांब हिरवा पट्टा आणि त्याला लागून काळी रेघ. रेघेच्या अलीकडे लाल ठिपक्यांची दाटी.

"हे ठिपके म्हणजे गळ्यात जागा कळवणारा पट्टा बांधलेल्या तीन हिरोला माद्यांचा माग. पाणी पलीकडे आहे. रोज रेघेपर्यंत येतात नि परत फिरतात. एक तर परवापासून हललीच नाहीये. ऑफिसवाले म्हणतायत कुंपण असेल."

"कुंपण नाही, चर आहे. खोल खणलेला."

"एवढं पटकन कसं ओळखलंत?"

"माती बघ, झाडांच्या अंगाला टाकलीय. आम्हीपण तशीच टाकायचो."

"कशाला?"

"चिंकारे रोपांचे शेंडे खुडायचे. त्यांना अडवायला."

तीस हजार झाडांच्या गोष्टीत चिंकारे आजवर कधी आले नव्हते. मेघाली खुर्ची ओढून बसली. गुणाजींचा उष्टा हात ताटावरच वाळत होता.

"मोठं जनावर काठावरून मागे फिरतं. पिलू आत पडतं. मग आई काठावर उभी राहते. दोन दिवस, तीन दिवस. पाण्यालासुद्धा जात नाही."

"तुम्ही काढायचात ना पिलं बाहेर?"

"पहिल्या वर्षी काढली."

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. तिने पडद्याकडे बघतच हळू विचारलं.

"आता किती आहेत तिथे चिंकारे?"

"आता झाडं आहेत."

गुणाजींनी डाव्या हाताने लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

"त्यांना कळव, झाडं नंतर तोडा, आधी चर बुजवा. सगळा जमत नसेल तर शंभर-शंभर पावलांवर उतार करा, पिलू चढेल एवढा. आणि ती मादी उभी आहे ना, तिथे आजच्या आज खाली उतरून बघा म्हणावं."

मेघालीने भराभर टाइप केलं आणि थांबली.

"माहिती कोणी दिली ते लिहावं लागतं. निवृत्त वनपाल लिहू?"

गुणाजींनी ताट बाजूला सारलं.

"नको. असा चर खणून घेतलेला माणूस, असं लिही."