मोनाच्या लॅपटॉपनं ओळख दिली

मोहनरावांच्या घरात प्रेमविवाह हा शब्द शिवीसारखाच वापरला जाई. भावकीत कुणी स्वतःच्या मनानं लग्न केलं की मोहनराव त्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. त्यामुळं अविराजशी लग्न करायचं ठरल्यावर त्यांच्या मुलीनं, मोनानं एकच अट घातली: घरच्यांसमोर आपण एकमेकांना ओळखत नाही.

ओळख दोन वर्षांची होती. बारामतीच्या एका कंपनीत दोघं द्राक्षबागांचे नकाशे करायची. ऑफिसातली वीज वरचेवर जायची, मग अविराज आपल्या फोनचं हॉटस्पॉट चालू करायचा. मोनानं पहिल्यांदा पासवर्ड घातला, 'आपोआप जोडा'वर टिचकी मारली आणि विसरून गेली. प्रेमाचंही काही फार वेगळं झालं नव्हतं.

स्थळ सुचवण्याचं काम त्यांनी अविराजच्या मामांवर सोपवलं, अर्थात मामांना पत्ता लागू न देता. सणसरच्या गोकुळमामांच्या फोनमध्ये अख्ख्या इंदापूर-बारामती तालुक्यांतली लग्नाळू पोरं-पोरी कोंबलेली असत. मोनाची माहिती कुणाकडून तरी त्यांच्यापर्यंत सरकवली आणि मामा मिशीला पीळ देत भाच्याकडे आले.

"आव्या, वडगाव निंबाळकरात एक पोरगी काढलीय मी. तुला जन्मात घावली नसती."

रविवारी मामा-भाचे बघायला आले. आधी मामांनी पसंत करायचं, मग बाकीच्यांनी गाडी भरून यायचं, अशी त्यांची रीत. त्या दिवशी गटार खणणाऱ्या जेसीबीनं सकाळीच नेटची वायर तोडली होती. जेसीबीवाल्याच्या खानदानाचा उद्धार करून मगच मोहनराव पाहुण्यांसमोर बसले.

मोना डोक्यावर पदर घेऊन चहा-पोहे घेऊन आली. वीजमीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाकडं बघावं तसं तिनं अविराजकडं बघितलं.

"नाव काय बाळा?" मामांनी विचारलं.

"मोना."

नाव नव्यानं कळल्यासारखी अविराजनं मान हलवली. जरा जास्तच हलवली.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण पोरीचं कौतुक मोहनरावांच्या पोटात मावेना. "आमची मोना लॅपटॉपवर बागा बघती. मामास्नी दाखव गं."

"नेट न्हाय, आबा."

"नुसता उघडून तर दाखव."

तिनं उघडला. क्षणभर काही झालं नाही, मग टिंग टिंग करत निरोप येऊन आदळू लागले आणि पडद्यावर कळस गावची एक द्राक्षबाग हिरवीगार उगवली.

"जोडली वाटतं वायर," मोहनराव खूश होऊन म्हणाले.

मामा चष्मा सावरत पुढं वाकले. त्यांच्या फोनचं रिचार्ज संपलं होतं, म्हणून गाडीत बसल्यापासून ते भाच्याचंच नेट वापरत होते. लॅपटॉपच्या कोपऱ्यात नाव होतं, अविराज. त्यांनी आपला फोन बघितला. तिथंही तेच.

"आव्या, हे तर तुझं नेट हाय. मला गाडीत तीनदा पासवर्ड घालाय लावलास. हिच्या लॅपटॉपला कसं काय आपोआप जोडलं?"

मामांच्या मनात पाप नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"जवळ आलं की जोडतं, मामा. आता नवीन... तसं निघालंय," अविराज म्हणाला. त्याच्या कपाळावरून घामाची धार लागली.

"मग माझा फोन तर तुझ्या मांडीला लागून हुता की."

मोहनराव सावकाश म्हणाले, "म्हंजे ह्या यंत्रानं ह्याला आधी कवातरी बघितलंय."

मोनाला अजूनही थाप मारता आली असती. तीनचार तर तयारच होत्या. पण समोर तो भिजलेला, केविलवाणा अविराज बघून तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं लॅपटॉप मिटला.

"दोन वर्षं बघतोय, आबा. आमी एकाच ऑफिसात हाय."

"म्हंजे ही मी शोधलेली न्हाय?" मामांचा चेहरा उतरला.

"मला का न्हाय इचारलंस?" मोहनरावांनी विचारलं.

"तुमी न्हाय म्हणला असता."

"म्हणलोच असतो."

त्यांनी टोपी घातली आणि उठले. संपलं सगळं, आता पाहुण्यांना वाट दाखवणार, असं मोनाला वाटलं. मोहनराव अविराजसमोर जाऊन उभे राहिले.

"हिनं तुला बघितलं, तू हिला बघितलंस. माझं बघायचं ऱ्हायलंय. चल गोठ्यात."

दोघं गेले. मामा रागारागानं पोहे खात राहिले, मग अजून थोडे मागून घेतले. मोना खिडकीशी उभी राहिली. गोठ्यातून म्हशींखेरीज कुणाचा आवाज येत नव्हता.

बऱ्याच वेळानं ते आले. अविराजच्या नव्या शर्टावर शेण उडालं होतं.

"पोरगा बरा हाय," मोहनराव मामांना म्हणाले. "खोटं बोलाय गेला की घाम फुटतो त्याला. जे जे इचारलं, त्यातलं एकबी लपवता आलं न्हाय."

मामा लगेच सावरून बसले आणि साखरपुड्याचं बोलू लागले. मोहनराव मात्र मोनाकडं वळले.

"तुला दोन वर्षांत एकदाबी घाम फुटला न्हाय गं."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर तिनं तोंड उघडून भांडण तरी केलं असतं. हवं ते सगळं मिळालं होतं, आणि रिकाम्या कपबशा हातात घेऊन उभ्या असलेल्या मोनाला वर मान करून आबांकडं बघता येईना.