बटन बंद होतं

आवडाबाईच्या घरी विजेचा दिवा आला आणि महिन्याभरात ती त्याला भिऊ लागली. वाशीमच्या कापसाच्या जिनाची विजेची तार तिच्या मळ्यातून जात होती, त्या बदल्यात जिनाच्या मालकानं घरात एक दिवा लावून दिला होता. तिचा नवरा पंजाबराव तर पाहुण्याला आधी बटन दाबून दाखवायचा, आणि मग बस म्हणायचा.

रोज सांजेला कंदिलाची काच पुसायची ही तिची लग्नापासूनची सवय. नवा दिवा आला म्हणून हात गप्प बसतो थोडाच! तिनं बटन बंद केलं, खाली लोंबणारा दिवा काढून पुसला आणि दिवा अडकवायची वरची पितळी वाटीही आतून पुसावी म्हणून ओलं फडकं घातलं. हाताला काहीतरी कडकडून चावलं आणि ती ओल्या सारवणावर आडवी झाली. खांद्यापर्यंत मुंग्या, तोंडाला कोरड. पंजाबराव हसला. बटन बंद म्हणजे वीज बंद, तुला चक्कर आली असेल, म्हणाला. तार जोडणाऱ्या रामधननंही तीच री ओढली: दिवा विझतो ना, मग झालं.

आपल्याला खोटं पाडलं याचं तिला फार वाटलं नाही. जीव टांगणीला लागला होता तो सुनेसाठी. अंजनाला सातवा महिना होता. दिव्याला हात लावू नको, असं तिनं दहादा बजावलं होतं. पण आज जिनाचे मालक घरी यायचे होते, आणि दिवा लखलखीत पुसून ठेव, असं सासऱ्यानं सुनेला सकाळीच सांगितलं होतं.

दुपार कलताना आवडाबाई वांग्याला पाणी देत होती. लक्ष सगळं घराकडे. वाफ्याचं तोंड बुजवायचं सोडून तिनं वाफ्यापलीकडची, पाणी पुढं जायची वाट बुजवली. चाळीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती. पुढं पाणी जाईना, म्हणून तिला वाटलं, वाफ्यात येणारं पाणी थांबलं. इकडं वाफा मात्र काठोकाठ भरला होता. तिचा पाय बांधावर पडला, माती खचली आणि सगळं पाणी तिच्या पायांवरून धावलं.

ती जागीच थिजली. रामधनचं काम तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. खांबावरची तार आधी दिव्याकडे गेली होती आणि तिथून बटनाकडे. बटन लावून त्यानंही दिव्यापलीकडची वाट बुजवली होती. दिवा विझला तरी ती वाटी भरलेलीच होती, आणि जो हात लावेल त्याच्या अंगातून वीज वाट काढणार होती.

फावडं टाकून ती पळत सुटली. जिनाचं इंजिन धडधडत होतं. ते चालू आहे तोवर तार जिवंत आहे, एवढं तिला कळत होतं. देवा, आजच्या दिवस ते बंद पाड, असं ती पळता पळता पुटपुटत होती.

दारात आली तेव्हा अंजना ओल्या जमिनीवर अनवाणी उभी होती. काढलेला दिवा डाव्या हातात, ओलं फडकं उजव्या हातात, आणि तो हात वर निघालेला. ओरडावं तर पोर दचकेल आणि हात तिथंच जाईल. आवडाबाईनं कसाबसा श्वास आवरला.

"अंजना, आंदी मले पाणी दे, माय."

सून वळली. हात खाली आला. मग आवडाबाई उंबऱ्यावरच बसली.

तिचं सगळं ऐकून पंजाबरावानं रामधनला बोलावून आणलं. बायकोच्या डोक्यातलं खूळ एकदाचं काढ, असं त्याला सांगितलं. आवडाबाई उठली आणि मोकळ्या वाटीखाली उभी राहिली.

"बटन बंद हाय ना, रामधन? मंग तुय बोट लाव तिथं."

रामधननं वाटीकडे पाहिलं, मग ओल्या जमिनीकडे. हात धोतराला पुसला. पुन्हा पुसला. वर काही नेला नाही.

पंजाबराव त्या हाताकडे पाहत राहिला. मग त्यानं अंजनाकडे पाहिलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ओलं फडकं खांद्यावर टाकलेलं.

"जिनावर जाऊन आंदी इंजिन बंद कर," तो रामधनला म्हणाला, आणि सुनेच्या खांद्यावरचं फडकं त्यानं आपल्या हातानं काढून घेतलं.