वहीतलं जास्तीचं पाणी

पुलाखाली रोवलेल्या पट्टीवर नदीचं पाणी कुठवर आलं ते रोज सकाळ-संध्याकाळ बघून वहीत लिहायचं, एवढंच मोजणीदाराचं काम. एकवीस वर्षांत त्याने एक दिवस चुकवला नाही. चुकली ती पट्टी. बारा वर्षांपूर्वीच्या पुरात ती आडवी झाली. वर कळवलं असतं, तर माणसं येईपर्यंत महिनाभर वही कोरी राहिली असती, आणि कोऱ्या पानाची त्याला भारी लाज. म्हणून त्यानेच ती पुन्हा रोवली, घट्ट बसावी म्हणून वीतभर खोल. तेव्हापासून नदीत नसलेलं वीतभर पाणी वहीत वाहत होतं.

त्याच आकड्यांवर आता वरच्या अंगाला कालवा काढायचं ठरलं. जास्तीचं पाणी वळवायचं, म्हणे. मोजणीदाराची लेक खालच्या गावात दिलेली. तिथली पिण्याची विहीर नदीच्याच पाझरावर. उन्हाळ्यात तिथे नदी आधीच घोटाभर. त्यातून वीत गेली तर उरतं काय?

आठवडाभर त्याला अन्न गोड लागेना. शेवटी बायको म्हणाली, कुढत बसण्यापेक्षा जाऊन सांगा. नोकरी गेली तर गेली, लेक तहानेली नको.

तो गेला. साहेबांना सगळं सांगितलं. उद्याच पट्टी उपटून नीट बसवतो, असंही म्हणाला. साहेबांनी उठून दार लावलं.

"काका, पट्टीला हात लावायचा नाही. नदी एका दिवसात वीतभर उतरली, तर वरचे विचारतील, पाणी गेलं कुठे? कालवा मंजूर झालाय."

"मग वहीत काय लिहू?"

"पट्टी दाखवेल ते. तुम्ही कधी खोटं लिहिलंय का?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तो तसाच नदीवर आला. संध्याकाळची वेळ झालीच होती. पाण्यात उतरतो तोच लेकीचा फोन. कालव्याचं ऐकून सासरची माणसं घाबरली होती म्हणे, पण तिने त्यांना गप्प केलं.

"मी सांगितलं मामंजींना, ती नदी माझे बाबा मोजतात. भरपूर पाणी आहे म्हणतात ना, मग असणारच."

"विहीर खोल करून घ्या," तो म्हणाला.

"का हो, बाबा?"

मोजणीदाराने पट्टीकडे पाहिलं. मग फोन खांद्याशी धरून त्याने वही उघडली आणि पट्टीवरचा आकडा लिहिला.