मोबाईलमधली शिवांजली

राजनंदिनीच्या भावाच्या मोबाईलवर शिवांजलीने स्वतःला कुस्ती करताना पाहिलं.

सांगलीतल्या त्या हॉलमध्ये महाराष्ट्राच्या संघाची निवड चाचणी होती. सत्तावन्न किलोत एकच पोर जाणार, आणि शेवटची कुस्ती साताऱ्याच्या शिवांजलीची आणि कुपवाडच्या राजनंदिनीची. जेमतेम पाच मिनिटं उरली होती. आणि अशा वेळी हा इंद्रजित कोपऱ्यात बसून बहिणीला गेम दाखवत होता.

पडद्यावरच्या पैलवान पोरीचा चेहरा वेगळा, नाव वेगळं, केस तर चक्क लाल. पण चाल शिवांजलीचीच. वाकून दोन पावलं सरकली, उजवा तळवा मांडीला पुसला आणि झटक्यात पट काढून समोरचीचा पाय उचलला.

"बघ, तळवा पुसला की पट आलाच," इंद्रजित म्हणाला. "तवाच पाय मागं घ्यायचा."

"म्हाईत हाय रं. दोन म्हैनं हेच तर खेळतीया," राजनंदिनी म्हणाली.

तळवा? शिवांजलीने आपल्या हाताकडे पाहिलं. बारा वर्षं कुस्ती करून ही सवय तिची तिलाच ठाऊक नव्हती, आणि आता ज्याच्या मोबाईलमध्ये तो गेम होता त्या प्रत्येकाला ती ठाऊक होती.

गेल्या वर्षी पुण्याच्या एका गेम कंपनीने तिला बोलावलं होतं. काळा तंग पोशाख, त्यावर बोराएवढे पांढरे गोळे, भोवती पंचवीस कॅमेरे. तिच्या हालचाली जशाच्या तशा गेममध्ये उतरणार होत्या, आणि जाहिरातीत तिचं नावही झळकणार होतं. आपल्या मातीतली पैलवान पोर जगभर खेळवली जाणार, म्हणून शिवांजलीबाई हुरळून गेल्या होत्या. तिचे वडील आप्पासो हेच तिचे वस्ताद, फौजेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. ते तेवढं म्हणाले होते, "शिवे, आपलं समदं दुसऱ्याच्या हाती दिऊ नगंस." तिने ऐकलं नाही. होते नव्हते तेवढे डाव दोन दिवसांत मोकळ्या हाताने देऊन टाकले. स्टुडिओतला निमिष नावाचा काडीपैलवान प्रत्येक डावाला मुकाट्याने पडत राहिला.

आता ती धावत आप्पासोंकडे गेली. "आप्पा, तिला माझं समदं ठावं हाय. त्या गेमवर सराव केलाय तिनं."

'मी सांगितलं होतं' असं आप्पासो म्हणाले नाहीत. याचीच तिला जास्त लाज वाटली.

"नाव पुकारलंय. जा," एवढंच ते म्हणाले.

शिट्टी झाली. तळवा पुसायचाच नाही, असं शिवांजलीने ठरवलं आणि झालं भलतंच. हातावर लक्ष ठेवता ठेवता पाय जड झाले, राजनंदिनीने तिला रेटत सरळ गादीबाहेर काढलं. मग सवयीने हात मांडीकडे गेलाच. राजनंदिनीचा पाय आधीच मागे! शिवांजली तोंडावर आपटली आणि दुसरी तिच्या पाठीवर. पुन्हा उभी राहिली, डावीकडून गेली, उजवीकडून गेली, ढाक हा डाव लावून पाहिला. प्रत्येक ठिकाणी राजनंदिनी तिच्या आधी हजर. पहिल्या तीन मिनिटांत सहा-शून्य. शिवांजलीला संताप अनावर झाला होता, आणि तो सगळा स्वतःवरच होता.

दुसऱ्या फेरीत राजनंदिनीने तिला पुन्हा खाली घेतलं. आठ-शून्य. दहाचा फरक पडला की कुस्ती तिथेच संपते. राजनंदिनीचे हात तिच्या कंबरेभोवती आवळले गेले. आता एकदा पलटी दिली की खेळ खलास. कुपवाडची पोरं उभी राहून घसा फोडत होती.

गाल गादीला चिकटलेला, पाठीवर ओझं, तोंडात घामाची खारट चव. आणि शिवांजलीला ते सगळं एकदम ओळखीचं वाटलं.

चुलतभाऊ जयराज, चौऱ्याहत्तर किलोचा. रोज संध्याकाळी आप्पासो त्याला तिच्या पाठीवर लादायचे आणि म्हणायचे, "ऊठ." कधी कधी अर्धा-अर्धा तास. ती रडायची, मनातल्या मनात बापाला शिव्या घालायची. बारा वर्षांत तिने सगळ्यात जास्त द्वेष केला असेल तर त्या अर्ध्या तासाचा. स्टुडिओत तिने निमिषला विचारलंही होतं, खालून सुटायचं दाखवू का? तो हसला होता. "नको ताई. खाली दाबलेली पैलवान व्हायला कुणाला आवडतं? लोक गेम बंद करतात."

राजनंदिनीने पलटीसाठी जोर लावला. शिवांजलीने तिचं मनगट बगलेत दाबलं, गुडघा पोटाखाली ओढला आणि तशीच थांबून राहिली. घाई केली की जयराज सुटू द्यायचा नाही, हे तिचं अंगच जाणत होतं. वरचे हात पहिल्यांदाच गोंधळले. पुढे काय होणार ते राजनंदिनीला माहीतच नव्हतं. पकड बदलावी म्हणून ती जराशी वर उठली. तेवढंच हवं होतं. शिवांजलीने अडकलेल्या हातासकट कूस बदलली, राजनंदिनी तिच्या अंगावरून पलीकडे गेली आणि पाठीवर पडली. शिवांजली तिच्या छातीवर आडवी झाली. पंचांनी गादीला गाल लावून दोन्ही खांदे पाहिले आणि थाप मारली.

चितपट!

हात वर झाला तरी शिवांजलीला खरं वाटेना. राजनंदिनी तिथेच बसून रडत होती.

"हे कुटं हुतं गं?" तिने विचारलं. "दोन म्हैन्यांत येकदाबी न्हाई दिसलं."

"गेमवाल्यांनी नुसतं जिंकल्यालंच नेलं," शिवांजली म्हणाली आणि तिला हात देऊन उठवलं.

गादीच्या कडेला आप्पासो टॉवेल घेऊन उभे होते. त्यांचे डोळे भरले होते, पण ते घाम पुसत असल्याचं सोंग करत होते. शिवांजलीने तो टॉवेल घेतला आणि त्यातच तोंड खुपसून लहान पोरीसारखी रडली.

"आप्पा," ती शेवटी म्हणाली, "उद्या सांजच्याला जयराजदादाला तालमीत बोलवा. माझ्या पाठीवर बसाय."