हाळीआधीची बाई

"दात बग कशी काढती! लाज ना शरम. केसं मोकळे सोडून दारोदार हसत हिंडायचं, दुसरं कामच न्हाई हिला."

चुलीपुढं भाकरी थापत बसलेल्या ऋतुजाचा हात काठवटीतच थांबला. कुडाच्या पलीकडं, अगदी हातभर अंतरावर, सासूबाई बोलत होत्या. ऋतुजानं सकाळीच डोक्यावरून पाणी घेतलेलं. केस मोकळे होते, आणि हसायची तर तिला खोडच होती. तव्यावरच्या भाकरीला करपल्याचा वास यायला लागला तेव्हा कुठं पलीकडून पुढचं वाक्य आलं.

"आन तेल म्हणं घनकेशी! नाव तरी बगा."

ऋतुजाचा जीव भांड्यात पडला. रतनबाईंचं भांडण सुनेशी नव्हतं. मोबाईलवर व्हिडिओच्या आधी जी तेलाची जाहिरात लागते, तिच्यातल्या बाईशी होतं.

ही बाई घरात शिरली, त्याला कारण मात्र ऋतुजाच.

तिचे सासरे सिदू चाळीस वर्षं धारूरच्या किल्ल्यामागच्या डोंगरात मेंढरं राखत आले. दिवस कलला की उंचवट्यावर उभं राहून ते एक हाळी द्यायचे, "हिर्र्र्या, आव आव आव!" आणि तीन टेकड्यांवर पांगलेली शंभर मेंढरं माना वळवून निघायची. चैत्रात गुळगुळीत खडकावरून पाय घसरला आणि गुडघ्यानं बसकण मारली. डॉक्टर म्हणाले, आता डोंगर बंद. काठी रतनबाईंच्या हातात आली. काठी आली, पण आवाज कुठून आणणार? त्या हाळी द्यायच्या, आणि मेंढरं आपली ढिम्म. कवडी नावाची म्होरकी मेंढी तर असं बघायची, जसं पाहुणीनं घरच्या चुलीला हात लावलाय.

इकडं सिदूमामांची निराळीच तऱ्हा. दिवस कलला की ते खांब धरून दारात उभे राहायचे.  जेवायचे अर्धी भाकरी.

ते ऋतुजाला बघवेना. एक दिवस तिनं सासऱ्यांना गुलाबी फेटा बांधायला लावला, अंगणात उभं केलं आणि मोबाईलवर हाळी भरून घेतली. रतनबाईंना वाचता येत नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड ओळखता येत होतं. म्हणून तिनं तो व्हिडिओ मोबाईलवर सगळे लोक बघतात तिथंच चढवला, वर फेट्याचा फोटो लावून. "आत्याबाई, ह्या फेट्यावर बोट ठेवायचं. बस." नवऱ्यानं, म्हणजे बजरंगनं, हौसेनं आणलेला छोटा स्पीकर त्यांच्या खांद्याला अडकवून दिला.

पहिल्याच दिवशी डोंगरावरून फोन आला. "आली गं ऋतुजा! समदी आली!"

त्या दिवशी मामा दोन भाकरी जेवले. तेव्हापासून रोज रतनबाई मेंढरं वाघरात, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कोंडून आल्या की त्यांचा सवाल ठरलेला.

"आली का?"

"आली की."

"माझ्या आवाजाला?"

"मग काय गावच्या सरपंचाच्या आवाजाला येतील का?"

एवढं ऐकलं की मामा ताटावर बसायचे.

झालं असं, की हाळीच्या आधी ती तेलवाली बाई यायची. घुंगरू वाजायचे, बाई खळाळून हसायची, केस उडवायची, आणि मग मामा. जाहिरात पुढं सारायचं बटण असतं, पण रतनबाईंच्या एका हातात काठी, दुसऱ्या काखेत कोकरू. बटण कोण दाबणार? रोज ती बाई पुरती हसून घ्यायची. आणि मेंढरू काही खुळं नसतं. हसण्यानंतर हाळी, हाळीनंतर तळ्याकाठी मूठभर मक्याचा भरडा, हा हिशेब कवडीनं पंधरा दिवसांत पाठ केला आणि मधला टप्पा सोडून दिला. बाई हसली रे हसली, की कवडी वळायची, तिच्यामागं कळप. मामांचा आवाज सुरू होईपर्यंत सगळ्यांची तोंडं भरड्यात.

एकदा दुसरीच जाहिरात लागली. कोणीतरी चष्मेवाला कर्ज घ्या म्हणत होता. मग मामांची हाळी आली. कवडीनं मान वर केली, ऐकलं, आणि पुन्हा खाली घातली.

हे रतनबाईंनी ऋतुजाला रांजणापाशी, आवाज बारीक करून सांगितलं. "तुझ्या मामांना बोलू नगंस. खातेत दोन घास, खाऊ दे." पलीकडच्या टेकडीवर शेरडं राखणाऱ्या सटवानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. सटवाला कळलं म्हणजे गावाला कळलं. पण गाव एवढं बोलकं असून ह्या बाबतीत मुकं झालं. सिदूमामा पारावर आले की लोक पावसाचं बोलायचे.

मामांचा मात्र त्या बाईवर भलताच राग. एका सकाळी ऋतुजा पारापाशी त्यांचा चहा घेऊन गेली, तर तिथं हाच कज्जा चाललेला.

"हाळी माझी, मेंढरं माझी. मधी ही कोण? आपुन कुणाच्या घरात शिरतानी आधी खाकरतो तरी."

"नाना, फुकट दाखवतेत," सटवा म्हणाला. "त्याचं भाडं हाय ते. सप्त्यात कीर्तन रंगात येतं आन मधीच माईकवर सांगतेत का न्हाई, अमक्याकडून भाताचं जेवण, तमक्याकडून मांडव? तवा का म्हणून बोलत न्हाईत तुमी?"

"अरे बे, मांडववाला गावातला आसतो! आन त्यो हसत न्हाई."

"मग आमच्या घरच्यांना इचारा. आमच्या अंजनाला जाहिरातच आवडती. म्हणती, व्हिडिओत बोंब आसती नुसती, जाहिरातीत निदान घर झाडलेलं दिसतंय."

सगळे हसले. मामाही हसले, पण चहाचा कप ठेवताना ऋतुजाला म्हणाले, "पोरी, ती बाई काढता येत न्हाई का?"

"न्हाई ओ मामा. कंपनीचं आसतं ते," ऋतुजा म्हणाली, आणि बशी उगाचच पदरानं पुसत बसली. काढता येते हे तिला ठाऊक होतं. काढली तर काय होईल हेही ठाऊक होतं.

एक गोष्ट मात्र तिला उमगत नव्हती. हाळी दिवसातून एकदाच लागायची, पण व्हिडिओखालचा आकडा रोज दहा-बारांनी वाढत होता. बहुतेक सटवाच असेल, तिला वाटलं. रिकामं माणूस.

बजरंग तेलगावकडं ट्रॅक्टरवर असायचा, रविवारी घरी यायचा. भोळा जीव. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि सांगायचं राहून गेलं ते गेलंच. त्या रविवारी मामांनी त्याच्यापुढं गाऱ्हाणं मांडलं, आणि पोरानं तिथल्या तिथं खिशातून मोबाईल काढून, महिन्याचे पैसे भरून, आईच्या मोबाईलवरच्या साऱ्या जाहिराती बंद करून टाकल्या.

"घ्या आबा! आता नुसती तुमची हाळी. मधी कोणी न्हाई."

मामांचा चेहरा असा उजळला, की ऋतुजाला कुठं बघावं कळेना. तिनं सासूकडं बघितलं. सासूबाई तुळशीकडं बघत होत्या.

"आजच ऐकायची," मामा उठले. "डोंगरात. माझ्या कानानं. मला घेऊन चल, बजरंग."

"अवो, गुडघा..." रतनबाई म्हणाल्या.

"गाडीवर बसायला गुडघा कशाला लागतो?"

दुपार उतरली तशा रतनबाई तळ्याच्या वरच्या अंगाला मेंढरांमागं होत्याच. मोटारसायकलवर पुढं बजरंग, मधे मामा गुलाबी फेट्यात, मागं ऋतुजा, मांडीवर भरड्याचा डबा. वाटभर ती मनाशी म्हणत होती, काही तरी होऊ दे, टॉवर जाऊ दे, बॅटरी उतरू दे. तळ्याच्या काठावर सटवा मोठ्या धोंड्यावर बसून मोबाईलवर कुस्त्या बघत होता. मामांना बघून तो ताडकन उभा राहिला.

"नाना! तुमी इथं?"

"आलतो हाळी ऐकायला," मामा म्हणाले. नव्या नवरदेवासारखा फेटा नीट केला. "लाव गं."

रतनबाईंनी फेट्यावर बोट ठेवलं. ना घुंगरू, ना हसणं. स्पीकरमधून स्वच्छ, खणखणीत आवाज डोंगरावर गेला. "हिर्र्र्या, आव आव आव!"

समोरच्या उतारावर कवडी चरत होती. ती चरतच राहिली.

"आणीक एकदा लाव," मामा म्हणाले.

रतनबाईंनी लावलं. एका कोकरानं मान वळवली, आईनं वळवली नाही म्हणून परत फिरवली.

मग मामा स्वतःच पुढं झाले. खांद्याला बजरंगचा आधार, छाती भरून घेतली आणि हाळी दिली. सहा महिने डोंगरात न वापरलेला आवाज शेवटाला थोडा फाटला. कवडीनं वर बघितलं. ऋतुजाला वाटलं, आता ओळखेल, आता येईल. कवडीनं कान हलवले आणि पलीकडच्या बाभळीच्या शेंगांकडं वळली.

तेवढ्यात सटवाची कुस्ती थांबली. त्याच्या मोबाईलमधून घुंगरू वाजले, आणि ती बाई, घनकेशी, खळाळून हसली.

शंभर मेंढरांनी एकदम माना उचलल्या. उतारावरून धुरळा उठला. पुढं कवडी, मागं सगळा कळप, मामांच्या दोन्ही अंगांनी पाणी फुटावं तसा निघून गेला आणि सटवाच्या धोंड्याला वेढा घालून उभा राहिला. एकीनं त्याच्या धोतराचा सोगा तोंडात धरला.

"अरे बजऱ्या, हाकल की बे! खातेत मला ही!" सटवा धोंड्यावर चढून ओरडत होता, आणि मोबाईल बंद करायचा सोडून डोक्यावर धरून उभा होता. त्यामुळं ती बाई आणखीच उंचावरून हसत राहिली.

बजरंगला हसू फुटलं. मग त्यानं बापाचं तोंड बघितलं आणि ते गिळलं. जाहिरात संपली. तळ्यावर नुसते घंटीचे आवाज राहिले.

"वारं उलटं हाय, आबा," बजरंग म्हणाला. त्याला आता सगळं कळलं होतं.

"स्पीकरची बॅटरी उतरली आसंल," ऋतुजा म्हणाली. "आवाज पोचलाच न्हाई."

"माझ्याकडं भाकरी हाय, नाना," सटवा वरूनच म्हणाला. "तिचा वास आला जणू."

मामा प्रत्येकाकडं बघत होते. प्रत्येकाला मान हलवत होते. "व्हय," ते म्हणाले. "वारंच हाय." आणि हळूच खाली बसून त्यांनी फेटा उतरवला, मांडीवर ठेवला आणि त्याची न मोडलेली घडी नीट करत बसले.

ऋतुजानं डब्याचं झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं. हे सगळं आपल्यामुळं झालं. आता आज अर्धी भाकरी, उद्या पाव. काही तरी बोलायला हवं, आणि बोलण्यासारखं एकच होतं, तेच तर बोलायचं नव्हतं.

रतनबाईंनी काखेतलं कोकरू खाली सोडलं. काठी धोंड्याला टेकवली. नवऱ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून, बाजारात भाव करायला उभ्या राहतात तशा.

"वारं न्हाई आन भाकरी बी न्हाई," त्या म्हणाल्या. "ऐका आता. मेंढरं तुमच्या हाळीला येत न्हाईत. त्या बाईच्या हसण्याला येतेत. लई दिवस झाले. समद्या गावाला माहीत हाय, तुमाला सोडून."

मामांची बोटं फेट्यावर थांबली. सटवा धोंड्यावर खाली बसला.

"मग रोज सांगत हुतीस ते? आली, आली म्हणून?"

"खोटं न्हाई सांगितलं. तुमी इचारायचे, माझ्या आवाजाला आली का. मी म्हणायची, आली." रतनबाईंचा आवाज एकाएकी उतरला, आणि त्यांनी पदर उगाचच डोक्यावर पुढं ओढला. "मी यायची न्हवं का तुमच्या आवाजाला. दिसभर डोंगरात बोलायला कोण हाय मला? जेवायच्या टायमाला लावते, पाण्यावर लावते, कोकरू हारवलं तरी लावते. दिसातून धा-धा येळा त्या भवानीचं हसणं सोसते, ते काय तिचं तेल लावायला? तिच्यामागनं तुमी येताव म्हणून."