एकशे तीस ग्रॅम

उल्हासनं काट्यावर साखर तोलली, चिमटीनं चार दाणे काढले, दोन परत टाकले.

"एकशे तीस. बरोब्बर!" तो म्हणाला. "पाण्यात उकळायची, गार करायची, बिअरमध्ये हलकेच ढवळायची आणि मग बाटल्या भरायच्या. या साखरेवरच बाटलीत गॅस धरतो. कमी पडली तर बिअर मिळमिळीत, जास्त झाली तर..."

"तर बाथरूममध्ये धडाधड. ठाऊक आहे मला," सुनीता म्हणाली.

गेल्या खेपेच्या सहा बाटल्या फुटल्या तेव्हा काचा तिनंच वेचल्या होत्या. दारात धावत आलेल्या शेजारणीला कुकर उडाला म्हणून थापही तिनंच मारली होती. दारूला बंदी असलेल्या या देशात असल्या आवाजाची चौकशी झाली असती, तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द होऊन दोघांची घरी रवानगी ठरलेली.

तेवढ्यात प्लांटमधून फोन आला. कुठलासा पंप बंद पडला होता. उल्हास हेल्मेट उचलून पळाला, तो दारातूनच ओरडला, "आता तूच भर बाटल्या! देवस्थळींच्या यंत्राचा प्रश्न आहे!"

सौदीतल्या धाहरानजवळच्या त्या कंपाउंडमधल्या प्रत्येक मराठी घराला हा प्रश्न माहीत होता. सुरेश देवस्थळी तीस वर्षांची नोकरी संपवून कायमचे पुण्याला निघाले होते. त्यांच्याकडे बाटल्यांना झाकण दाबायचं एक जुनं लोखंडी यंत्र होतं. जाणाऱ्या माणसानं ते विकायचं नाही, ज्याची बिअर सर्वांत चांगली त्याच्या हाती देऊन जायचं, अशी इथली रीत. त्या यंत्रापायी उल्हासनं तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं. बादल्या घासल्या, बाटल्या उकळल्या त्या सुनीतानं. पण चारचौघांत कौतुक व्हायचं ते उल्हासच्या एक्सेलचं. तिला ते लागायचं, खोटं कशाला बोला!

तिनं नळीनं वरची नितळ बिअर दुसऱ्या बादलीत उतरवून घेतली आणि थबकली. उल्हासचा सगळा हिशेब वीस लिटरचा. इथं तर बिअर चौदाच्या रेघेवर येऊन थांबली. खाली चार बोटं गाळ राहिला होता, आणि 'जरा चव बघतो' म्हणत रोज ग्लास भरून नेणारा कोण, हे सांगायलाच नको.

सुनीता कोल्हापूरकडची, वडिलांचं गुऱ्हाळ. काहिलीत रस किती पडलाय हे न बघता मळी काढायचं भेंडीचं पाणी ओतणाऱ्या एका गुळव्याला त्यांनी भर हंगामात घरी धाडलं होतं. वडिलांचा तो धडा न विसरता तिनं चाळीस ग्रॅम साखर डब्यात परत टाकली, नव्वदचा पाक केला आणि एकटीनं बाटल्या भरून झाकणं बसवली.

"मी सांगितलं तसंच केलंस ना?" संध्याकाळी उल्हासनं विचारलं.

"बाटल्या भरल्यात," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला वळली.

दोन आठवड्यांनी, शुक्रवारी दुपारी, देवस्थळींच्या घरी सामानाच्या खोक्यांमध्ये टेबल मांडलं गेलं. यंत्रावर डोळा असलेल्या अनुरागची बिअर तोंडात घेऊन देवस्थळींनी नुसतंच "हं" केलं. मग उल्हासची बाटली उघडली. फस्सकन आवाज झाला, ग्लासात दोन बोटं फेस चढला आणि तिथंच राहिला.

देवस्थळींनी घोट घेऊन डोळे मिटले. "वा रे पठ्ठ्या! अशी मलासुद्धा कधी जमली नाही."

मागे उभ्या असलेल्या सुनीताला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं.

"साखर किती घातलीस?" देवस्थळींनी उल्हासला विचारलं.

"एकशे तीस ग्रॅम!" उल्हास खुलला. मग तापमान, गुणोत्तर, एक्सेलचे रकाने... हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"बाटल्या किती निघाल्या?"

"बेचाळीस. या एवढ्याच, लहान."

"म्हणजे चौदा लिटर," देवस्थळी म्हणाले. "चौदा लिटरला एकशे तीस घातली असतीस ना, तर मी आत्ता ही छतावरून चाटत असतो."

अनुराग फिदीफिदी हसला. उल्हासनं वळून बायकोकडे पाहिलं.

"नव्वद घातली," सुनीता म्हणाली. "बिअर चौदा होती, म्हणून नव्वद."

देवस्थळींनी यंत्र उचलून टेबलावर ठेवलं आणि उल्हासकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" उल्हास म्हणाला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता. "तिचं आहे ते. गुऱ्हाळवाल्याची लेक आहे आमची सुनीता, चेष्टा नाही!"

तो उठला आणि आपली खुर्ची त्यानं तिच्याकडे सरकवली.

अनुरागनं ग्लास बाजूला ठेवला. आजवर तिला चहापलीकडे त्यानं काही विचारलं नव्हतं. "वहिनी, माझी दरवेळी अशी मिळमिळीत का होते हो?"

सुनीता ऐसपैस बसली.

"आधी सांग," ती म्हणाली, "बादलीत होतं किती?"